चंद्रीची दुसरी तपासणी

आमचे जिजाजी, श्रीपाद, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात आहेत. गाई उलट बोलत नाहीत, म्हणून हे खातं त्यांना मानवलं. नानाखेड्यात भय्यासाहेबांच्या घरात वरच्या मजल्यावर ते, ऋचाताई आणि तीन वर्षांची ईरा भाड्याने राहतात. खाली भय्यासाहेबांची एकुलती एक गाय, चंद्री.

चंद्री खोकायला लागली तेव्हा जिजाजींनी क्षयाची तपासणी केली. मानेच्या कातडीत सुई टोचायची आणि तीन दिवसांनी सूज मोजायची. कातडी नऊ मिलिमीटर फुगलेली निघाली.

"भय्यासाहेब, टीबी दिसतोय. दूध उकळल्याशिवाय कुणी घेऊ नका."

"घरची गाय आहे हो, श्रीपादराव! शक कसला करता?"

आठ दिवसांनी भय्यासाहेबांनी देवास गेटहून खासगी डॉक्टर आणला. तीच सुई, तेच तीन दिवस, सूज मात्र शून्य. निगेटिव्ह लिहिलेला तो कागद फ्रीगंजच्या बाजारात नेऊन लॅमिनेट करून आणला!

जिजाजींनी जिन्यातच त्यांना गाठलं. "एकदा टोचलं की पुढचे दोन महिने कातडी नीट उत्तर देत नाही. इतक्यात परत टोचलं तर सूज येणारच नाही. रक्त तपासू या, त्याला थांबावं लागत नाही."

"म्हणजे तुमची सुई खरी, त्यांची खोटी? वा भाई! आणि तुमची कधी चुकतच नाही?"

इथे कुणीही शहाणा माणूस 'नाही' म्हणाला असता. जिजाजींना खोटं बोलायला जमत नाही, हा त्यांचा जुना आजार.

"चुकू शकते," ते म्हणाले.

"बस्स! गाय पास झाली. रविवारी सत्यनारायण आहे, सगळ्यांनी यायचं."

रविवारी मीही गेलो होतो. चौरंगासमोर भय्यासाहेबांच्या पत्नी माईंच्या मांडीजवळ पंचामृताचं पातेलं होतं. दूध चंद्रीचं, आणि पंचामृतातलं दूध कुणी उकळत नाही. जिजाजी सकाळपासून तिघा पाहुण्यांना बाजूला घेऊन हेच सांगत होते. तिघांनीही मान डोलावली आणि भिंतीवर टांगलेल्या लॅमिनेट कागदाकडे बोट दाखवलं. ऋचाताई म्हणाली, "वरच बसा ना." पण घरमालकाच्या पूजेला भाडेकरू वर कसा बसणार? आणि ईरा तर केव्हाच खाली पळाली होती.

रांगेत तिने इवलीशी ओंजळ पुढे केली. जिजाजींनी तिच्या हातांवर स्वतःचा तळवा धरला.

"तिला सर्दी आहे, माई."

"अहो, तीर्थ आहे. सर्दीला काय होतंय?"

"तिचंही मीच घेतो."

माईंची पळी हवेतच थांबली. त्यांनी आधी ईराकडे पाहिलं, मग जिजाजींकडे. जिजाजींनी तोंड उघडलं. मागे अठरा-वीस माणसं उजवा हात पुढे करून उभी होती.

"श्रीपादराव, लाइन अडकलीय!" भय्यासाहेब हसत ओरडले.

जिजाजींनी दोन पळ्या घेतल्या, एकापाठोपाठ एक. ईराला कडेवर उचललं आणि ते बाजूला झाले. मागच्या काकू पुढे सरकल्या.