तात्यांची ढोलकी आणि पॅडचं नाव

मंडळी, एका हौसेची किंमत आज कळली. दसऱ्याच्या पूजेत इलेक्ट्रॉनिक पॅडला हळदकुंकू लावलं आणि सॉफ्टवेअरमध्ये त्याचं नाव ‘॥ॐ ढोलकी॥’ ठेवलं. किंमत म्हणजे माले गावच्या ढोलकीवादक तात्यांचा हात.

त्यांना अर्धांगवायू होण्याआधी त्यांची ढोलकी मी त्या पॅडच्या लायब्ररीत, म्हणजे आवाजांच्या साठ्यात, भरून घेतली होती. "तात्यांचा हात माझ्याकडे कायमचा जपलाय," असं गावभर सांगायचो.

आज ते नातीला घेऊन माझ्या स्टुडिओत आले. "लाव रं. ही म्हनतिया, आजोबा, तुमी कवा वाजवत हुता?"

सॉफ्टवेअर कालच अपडेट झालेलं. त्याला आता ॐ आणि उभ्या रेघा चालत नाहीत, त्यामुळे पॅडच दिसेना. नाव साधं केलं, तर पॅड दिसला. पण लायब्ररी जुन्या नावालाच बांधलेली; ती म्हणते, हे यंत्र ओळखीचं नाही. जुनं नाव दिलं, की पॅड पुन्हा गायब. बावधनच्या जाणकारानेही फोनवर हात टेकले.

तात्यांची थाप मी शंभरात ओळखेन, पण वाजली तर ना!

"ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. "चा तरी पाज, का त्योबी दिसना?"

कुणाला वाट माहीत आहे का? लायब्ररीची दुसरी कॉपी विचारू नका. मी ती काढलेलीच नाही.