जळगावच्या दोन जागा

मालकांच्या तोंडून कुंदाचं नाव निघालं की सुगंधाबाईंचा जीव जळायचा.

धुळ्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात त्या टायपिस्ट म्हणून लागल्या, तेव्हा ही कुंदा शाळेत असेल. आता ती रावेरच्या ऑफिसात बसून केळीच्या गाड्यांची नोंद थेट जळगावच्या हेड ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर चढवायची. सत्त्याण्णव साली मालकांनी, लीलाधरभाऊंनी, मोडेम घेतले आणि फोनच्या तारेवरून दोन्ही गावांहून जळगावचा कॉम्प्युटर चालवता येऊ लागला. मात्र एका वेळी दोघांनाच आत शिरायचा परवाना होता.

"दिवाळीनंतर तुम्हा दोघींतल्या एकीला जळगावला घेतो," भाऊ म्हणाले होते.

सुगंधाबाईंचं बिऱ्हाड जळगावला. नवरा, मुलं तिकडे. त्या शनिवारच्या एस.टी.नं जायच्या. ती जागा त्यांना हवीच होती.

आणि नेमकं आताच, दुपार झाली की जळगावचा कॉम्प्युटर त्यांना आत घेईना. जागा शिल्लक नाही, एवढंच पडद्यावर यायचं. सुगंधाबाईंनी मनाशी ठरवून टाकलं आणि फोन लावला. "भाऊ, रावेरची पोरगी दोन्ही जागा अडवून बसते."

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मगन जळगावहून आला.

"निघताना बघून आलो, बाई. दोन्ही जागांवर धुळ्याचंच नाव आहे."

"माझं? मी तर बाहेर उभी!"

"दोन्ही नावं बाहेर काढतो. तुम्ही रोजच्यासारखं काम करा." त्यानं जळगावला फोन करून दोन्ही जागा रिकाम्या करवल्या.

सुगंधाबाई आत शिरल्या. तेवढ्यात शिपाई चिंधा डोकावला. "बाई, फोन मोकळा करा ना. गाडीवाला वाट देखी ऱ्हायना."

त्यांनी मोडेमची तार उपटली, फोनची लावली.

"बाहेर न पडता तार काढली?" मगननं विचारलं.

"बाहेर पडलं तर जागा जाते. एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकतोच ना आपण?"

मगनला हसू आवरेना. "अहो, रुमाल तिथंच राहतो! परत मोडेम लावला की कॉम्प्युटर तुम्हाला नवा माणूस समजतो, दुसरी जागा देतो. मग तिसऱ्यांदा तुम्हीच बाहेर. आणि रावेरवाली तर कधीचीच बाहेर. तार तुटली की जागा आपोआप सुटेल, अशी सोय मी जळगावला करतो. पण तुम्ही आधी बाहेर पडत जा."

गाडीवाल्याचं बोलणं संपतं न संपतं तोच रावेरहून फोन आला. "अक्का, शिरले मी! इतके दिवस वाटायचं, माझंच काही चुकतंय. म्हणून कुणाकडे बोलले नाही."

सुगंधाबाईंना तिचा संताप आला. तिनं आदळआपट केली असती, तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी भाऊंचा फोन आला. "कुंदाला आज झापतोच."

मगन पिशवी आवरत होता, त्यानं वर पाहिलंही नाही.

"नको, भाऊ. चूक माझी होती."

दिवाळीनंतर कुंदा जळगावला गेली. शनिवारी स्टँडवरून घरी जाताना सुगंधाबाईंची रिक्षा हेड ऑफिसवरून जायची. तेवढा रस्ता त्या दुसरीकडे तोंड करून बसायच्या.