बॉनेटवरची बशी

रेमी कुठेही गेली तरी जेवणाची पहिली बशी कुणालाही देत नसे. समुद्रकिनारा असो की मोटारवेवरच्या सर्व्हिसेसचा कार पार्क, डबे उघडले की ती प्रत्येक पदार्थाचा एकेक चमचा एका बशीत वाढून गाडीच्या बॉनेटवर ठेवायची. १९८६ साली, पहिल्याच सहलीत, ती माझ्यासाठीच आहे असं समजून मी ती चाटूनपुसून साफ केली. रेमी शांतपणे म्हणाली, "माझ्या वडिलांचं जेवलास. आवडलं का?" वडील वारून सहा वर्षं झाली होती.

इंग्लंडमध्ये स्लाऊजवळच्या आमच्या हॉस्पिटलात ती वॉर्ड सिस्टर होती, फिलिपिन्सच्या उत्तरेकडच्या इलोकोस प्रांतातली. मी ज्युनियर डॉक्टर, आणि विनायक हा माझा पुण्यापासूनचा मित्र, भूल देणारा. त्याची गाडी, रेमीचे डबे आणि माझं पोट, अशी आमची भागीदारी होती. बँक हॉलिडे, म्हणजे तिकडची सार्वजनिक सुट्टी, आला की निघायचो. हाउन्सलोतल्या पंजाबी दुकानातून कारली, भेंडी, वांगी आणून रेमी पिनाकबेत करायची, म्हणजे सगळ्या भाज्या एकत्र, खारवलेल्या माशाच्या रसात. शाकाहारी विनायकसाठी माशाशिवायचा वेगळा डबा असायचा. त्यावर तिने 'पेशंट' असं लेबल लावलं होतं.

"यात काय आहे?" असं मी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं: "आधी खा, मग विचार." ती इंग्रजीत बोलायची, पण मला ते मराठीतच आठवतं. पोकीपोकी म्हणजे भाजलेलं वांगं, टोमॅटो आणि अंडं. "हे तर आमचं भरीत," असं मी म्हणालो, तर म्हणते, "मग तुमचं अंडं कुठे हरवलं?"

अठ्ठ्याऐंशीत माझी आई गेली. परीक्षा तीन दिवसांवर होती. मी पुण्याला गेलो नाही. पासही झालो. दहाव्याच्या दिवशी भावाला फोन केला.

"कावळा शिवला का?"

"शिवला, पण फार उशिरा. पुरणपोळी ठेवली, अळूची भाजी ठेवली..."

"ते तर मला आवडतं. आईला काय आवडायचं?"

आई सगळ्यात शेवटी, उरेल ते जेवायची. तिला काय आवडतं हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं, आणि आता विचारायला कोणी उरलं नव्हतं. त्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या सुट्टीत आम्ही वेल्सच्या किनाऱ्यावर गेलो. रेमीने बॉनेटवर दोन बश्या ठेवल्या. "ही तुझ्या आईची. तिला काय वाढू?" मी खरं ते सांगितलं. ती रागावली नाही. "मग सगळं थोडं थोडं वाढू. तिचं ती बघेल. पण हे माणूस जिवंत असताना विचारून ठेवावं. नंतर उत्तर येत नाही."

थोड्या वेळाने एक सीगल पक्षी आईच्या बशीवर आला. त्याने पोकीपोकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, भेंडी ढकलली आणि कारल्याची फोड घेऊन उडून गेला.

"अरे, technically कावळा हवा," विनायक म्हणाला. मग हळूच म्हणाला, "कारलं, बरं का. लक्षात ठेव."

मी कार पार्कमध्ये, भर दुपारी, मोठ्याने रडलो. रेमीने शांतपणे माझी बशी भरली.

परतताना विनायकने विचारलं, "रेमी, तुला काय आवडतं?"

"पोकीपोकी. तळाला करपलेली. ती मला कधी मिळतच नाही, हा खरवडून नेतो."

निवृत्त झाल्यावर रेमी इलोकोसला परतली. दोन वर्षांनी तिच्या भाचीचं पत्र आलं, रेमी गेल्याचं. बँक हॉलिडेला आम्ही दोघे वेल्सला गेलो. वांगं मी भाजलं, अंडं जन्माच्या शाकाहारी विनायकने फोडलं. आम्हाला दोघांनाही स्वयंपाक येत नाही, त्यामुळे करपवणं अजिबात जड गेलं नाही.

बॉनेटवर बशी ठेवली. तिच्यात एकच पदार्थ होता. आम्ही विचारून ठेवलं होतं.