सिस्टरांचा सत्कार

विंझरला दवाखाना चालवणाऱ्या कॅथलिक सिस्टर मूळच्या केरळच्या, पण बोलायच्या थेट डोंगरातल्या पासली गावच्या आजीबाईंसारख्या. एसटीत शेजारी बसल्या की म्हणायच्या, "ऊन लई बदललंय, बगा."

आमदारांच्या सत्काराला सगळे हार घेऊन रांगेत उभे होते. सिस्टरांच्या हातात मात्र पावसाविना करपलेल्या भातरोपांची जुडी. ती त्यांनी हसत आमदारांना दिली. कार्यक्रम मी भरवलेला, मी घाईनं पुढचा हार पुढे केला.

"हवामान बिघडलंय, साहेब. कायतरी करा."

"सिस्टर, पाऊस काय माझ्या हातात आहे?"

"पाऊस न्हाई. कायदा करणं तर हाय न्हवं?"

पुढच्या सत्काराला आमदारांनी लांबूनच विचारलं, "सिस्टर, आज काय आणलंय?"

सिस्टरांनी रिकामे हात दाखवले. "आज तुमची पाळी, साहेब. तुमी काय आणलं?"