गुरुवारची चिठ्ठी

कलममास्तरांनी छत्तीस वर्षं रोपवाटिकेत काढली. लिंबू, संत्री, गुलाब, जे हाताखाली आलं त्याला त्यांनी दुसऱ्याच्या खोडावर नांदायला शिकवलं. प्रत्येक कलमाला पत्र्याची चिठ्ठी बांधायची, तिच्यावर तारीख आणि कुठल्या झाडाची फांदी ते लिहायचं. चुकीची चिठ्ठी बांधणाऱ्याला ते दुसऱ्या दिवशी कामावर येऊ देत नसत. खोट्या चिठ्ठीचं झाड सहा वर्षांनी फळतं आणि मग लावणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं, असं ते सांगत.

आता ते लेकीच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर राहत होते. खिडकीतून समोरच्या इमारतीचे नळ दिसायचे, दुसरं काही नाही. महिन्याभरात दोनदा त्यांच्या हातून गॅस चालू राहिला होता. लेकीनं स्पष्टच सांगितलं होतं, "बाबा, आठ दिवस मी कामाच्या प्रशिक्षणाला बाहेरगावी जातेय. परत आल्यावर ठरवू, तुम्ही एकटे राहायचं की काकांकडे जायचं."

काका म्हणजे मास्तरांचा धाकटा भाऊ. तो सकाळी उठल्यापासून आपल्या गुडघ्यांची कहाणी सांगायचा. दोन्ही गुडघ्यांची, वेगवेगळी.

निघताना लेकीनं टॅबलेट हातात ठेवला. त्यात तिचा खेळ होता. खेळात एक घर, घरामागे बाग, बागेत लिंबाचं झाड.

"याला रोज पाणी घाला. तण काढा. खत दिलं तर लवकर वाढतं, पण नुसत्या खतानं दर्जा चढत नाही, निगा राखावी लागते. निगा नीट राहिली की झाड चमचम करतं. तेव्हा बोट लावलं की एक पायरी वर. साधं, बरं, छान, उत्तम आणि शेवटी सर्वोत्तम. माझं उत्तमवर येऊन अडलंय."

"कागदाच्या झाडाला माळी कशाला लागतो गं?"

"कागदाचं नाही, काचेचं आहे. आणि खेळातला दिवस आपल्या दिवसाबरोबरच चालतो, तेव्हा विसरायचं नाही."

ते शेवटचे शब्द मास्तरांना काट्यासारखे लागले. ही आपली परीक्षा आहे, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी फ्रिजच्या दारावर रोजची एक चिठ्ठी लावायला सुरुवात केली. "शनिवार. पाणी दिलं. तण काढलं. गॅस बंद." रविवारी तेच. सोमवारीही तेच.

पण झाड काही चमकेना. मास्तर चष्मा पुसून पुसून बघत राहिले. मग त्यांच्यातला जुना माळी जागा झाला. पाण्यानं माजलंय हे. लिंबू बहरायला हवं तर त्याला ताण द्यावा लागतो. म्हणजे पाणी तोडायचं, झाडाला घाबरू द्यायचं, मग भरपूर पाजायचं. उभ्या आयुष्यात या ताणानं त्यांना दगा दिला नव्हता. त्यांनी लिहिलं, "मंगळवार. पाणी दिलं नाही. मुद्दाम. गॅस बंद." बुधवारी पानं जराशी मलूल झाली आणि मास्तर खूश झाले. ताण बसला. पुन्हा "मुद्दाम" लिहिलं. गुरुवारी सकाळी पाजायचं.

शुक्रवारी त्यांनी टॅबलेट उघडला तेव्हा झाड काळं पडलं होतं.

ते फ्रिजपाशी गेले. बुधवारच्या खाली जागा रिकामी होती. गुरुवार गेला कुठे? त्यांनी आठवून पाहिलं. नळाचा आवाज आठवला, पण तो कुठल्याही दिवसाचा असू शकत होता.

खेळातल्या टोपलीत आधी तोडलेली तीन लिंबं होती. दोन साधी, जुनी, आणि एक उत्तम. फळावर आईझाडाचा दर्जा उतरतो आणि त्याचं रोप त्याच पायरीवर उगवतं, असं तिथे लिहिलेलं होतं. मास्तर स्वतःशीच हसले. खऱ्या मातीत बी इतकं इमानी असतं, तर कलम बांधायला त्यांना कोणी ठेवलंच नसतं. त्यांनी उत्तम लिंबू लावलं. बोटभर रोप आलं, आईच्याच पायरीचं. पण कुणालाही कळलं असतं की हे कालचं झाड नव्हे.

मग त्यांनी कोरी चिठ्ठी घेतली. "गुरुवार. पाणी दिलं नाही." पुढे एकच शब्द लिहायचा होता. मुद्दाम. तो लिहिला की ते विसराळू म्हातारे ठरत नव्हते. जुन्या वळणाचा माळी, एकदा अंदाज चुकला, इतकंच. पेन कागदावर टेकलं. शाईचा ठिपका पसरत गेला. मास्तरांनी चिठ्ठी चुरगाळली आणि खिशात घातली.

शनिवारी दुपारी लेक आली. बॅगही न ठेवता तिनं फ्रिजवरच्या चिठ्ठ्या वाचल्या, वरून खाली. मग पुन्हा वरून.

"बाबा, गुरुवार?"

"नाही."

"नाही म्हणजे? पाणी?"

"पाजायचं होतं. नाही पाजलं. झाड गेलं. रोप लावलंय, उत्तमच आहे, पण रोप आहे."

"आणि गॅस? गुरुवारी?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "ठाऊक नाही."

ती खुर्चीत बसली. समोरच्या इमारतीत कुणी बादली भरत होतं.

"गुरुवारची चिठ्ठी नंतर लिहून लावली असतीत तर मला कळलंही नसतं."

"चिठ्ठी बांधायची ती झाडासाठी, बघणाऱ्यासाठी नव्हे," मास्तर म्हणाले. "काकाला फोन करायचा तर कर."

"करणारच आहे. बाबा इतक्यात येत नाहीत म्हणून सांगायला. पण गॅसची शेगडी आजपासून बंद. विजेची आणते. खालच्या शिवणवाल्या मावशी दुपारी डोकावून जातील. आणि त्यांच्याशी भांडायचं नाही."

"ती बाई कुंडीत चहाचा चोथा घालते."

"घालू दे."

विजेची शेगडी म्हणजे अर्धी वाट काकाकडची, हे मास्तरांना कळत होतं.

लेकीनं टेबलावरची कोरी चिठ्ठी ओढली, लिहिलं आणि उठून फ्रिजवर लावली. "गुरुवार. माहीत नाही."

मास्तरांनी चष्मा चढवून वाचली. "वाकडी लागली," ते म्हणाले. "सरळ कर."