सोड्याविना डाळ

गुजरातेतल्या नानी वडाळ गावच्या शाळेत झवेरबेन एकोणीस वर्षं पोरांचं जेवण रांधत होती. या एकोणीस वर्षांत तिच्या डाळीला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि ठेवायची कुणाची छातीही नव्हती म्हणा. पण दिवाळीनंतर गावाला नवं बोअर लागलं आणि बाईचे दिवस फिरले.

सातशे फुटांवर पाणी लागलं. नारळ फुटला, पेढे वाटले, घरोघरच्या आणि शाळेच्या नळांना तेच पाणी जोडलं. तलावाकाठच्या जुन्या विहिरीचं पाणी मचूळ, त्याला मातीचा वास. हे नवं पाणी तोंडाला कसं गोड! आल्यागेल्याला लोक आग्रह करकरून दोन-दोन पेले पाजायला लागले. जिभेला गोड लागलं म्हणजे पाणी चांगलं, असं धरून चाललं आणि तिथंच अख्खं गाव फसलं. नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरली, साबणाला फेस येईना, तरी शहाणे लोक साबणालाच शिव्या घालत होते.

इकडे शाळेत डाळ शिजेना. दोन-दोन तास गॅस जळायचा, तरी दाणा टचटचीत. पाणी वर, डाळ तळाशी. पोरं ताटं तशीच ठेवून उठायला लागली. एका सकाळी प्रार्थनेनंतर सव्वाशे पोरांसमोर मोठे गुरुजी, त्रिवेदीसाहेब, म्हणाले, "झवेरबेन, वय झालं आता तुमचं. डाळ शिजेपर्यंत थांबायचा कंटाळा येत असेल तर सांगा, दुसरी बाई बघतो."

बाईच्या ते जिव्हारी लागलं. कंटाळा? तिला? पुढच्या शनिवारी ग्रामसभेत नवी बाई नेमायची असंही ठरून गेलं.

तिला पाण्याचा संशय होताच. चार घरी विचारलं, तर जिला विचारावं ती म्हणे, आमची डाळ तर लोण्यासारखी होते, बाई. झवेरबेनला वाटलं, आपल्याच हाताची चव गेली की काय. अशात चहापत्ती घ्यायला ती दुकानात गेली, तर दुकानदारानं न विचारताच खायच्या सोड्याची पुडी पुढे सरकवली. म्हणाला, दिवाळीपासून घरोघर हाच खप, आता गोणीच मागवली. पोरांच्या पोटाला बाधेल म्हणून झवेरबेननं शाळेच्या डाळीत सोडा कधी घातला नव्हता. आणि बाकीच्या बायका गुपचूप घालत होत्या! डाळ शिजत नाही असं कबूल करायचं म्हणजे माहेरचं नाव घालवायचं, म्हणून साऱ्याजणी तोंड दाबून होत्या.

शनिवारी तिनं चौकात दोन शेगड्या मांडल्या. दोन सारखी तपेली, मापून सारखी डाळ. एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात जुन्या विहिरीचं. सभा भरली, भाषणं झाली, तास उलटला. झवेरबेननं स्वतः पळीला हात लावला नाही, उगाच कुणी म्हणायला नको. तिनं पळी दिली सरपंच लाखाभाईंच्या आईला, रुडीबांना.

बांनी विहिरीच्या तपेल्यात पळी फिरवली, डाळ एकजीव झाली. बोअरच्या तपेल्यात फिरवली, तर दाणे भांड्याला खडखडले.

लाखाभाई म्हणाले, "पण बा, आपल्या घरी याच पाण्यात रोज शिजते की."

बांनी पळी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "चार महिने सोडा घालतेय रे, लाखा. सत्तरीला आले मी, आता डाळ शिजवता येत नाही हे कोणत्या तोंडानं सांगू?"

"मीपण घालते," मागून एक सून पुटपुटली. मग दुसरी, मग तिसरी. बघता बघता बायकांच्या बाजूला हसण्याचा नुसता कल्लोळ उठला आणि पुरुष एकमेकांची तोंडं बघत बसले. चार महिने जे आवडीनं ओरपलं, ते काय होतं ते त्यांना आज कळलं.

नवी बाई नेमायचा विषय कुणी काढलाच नाही. विहीर उपसून, औषध टाकून नळ पुन्हा तिलाच जोडायचे आणि बोअर गुरांच्या हौदाला ठेवायचं, असं एकमुखानं ठरलं. सभा उठताना त्रिवेदीसाहेब जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, झालं गेलं विसरा, सोमवारी या.

झवेरबेन म्हणाली, "येईन ना, साहेब. पण बोललात पोरांसमोर. तेव्हा मागे घ्याल तेही पोरांसमोरच."

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. पण माणूस वाईट नव्हता. सोमवारी प्रार्थना संपल्यावर त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "डाळ शिजत नव्हती तो दोष पाण्याचा होता. झवेरबेनना बोललो, ती माझी चूक."

स्वयंपाकघराच्या दारात, कमरेला पदर खोचून, झवेरबेन ऐकत होती. तिचे डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती.

"मागच्या रांगेत ऐकू आलं का रे?" तिनं विचारलं.

मागच्या रांगेतली पोरं एका सुरात नाही म्हणाली. साहेबांना पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्यानं.