पापणी ओढून पाहणाऱ्या सुलोचनाताई

सुलोचनाताईंची आणि माझी पहिली भेट चारा छावणीत झाली, तीही भांडणानेच. तलवाड्याच्या आमच्या दूध सोसायटीचा मी सचिव. त्या दुष्काळात छावणी सोसायटीकडे होती. ताई उपकेंद्रातल्या नर्सबाई. टँकरच्या पाण्यात औषध टाकायला आल्या आणि टाकी घासलेली नाही म्हणून त्यांनी मला सर्वांदेखत झापले.

उलट बोलायचे त्राण माझ्यात नव्हते. चार महिन्यांपासून कधी पोट साफ होत नसे, तर कधी दिवसातून पाचदा टमरेल घेऊन पळावे लागे. जाऊन आलो तरी मोकळे वाटत नसे. रक्तही पडे. पण दुष्काळ मोठा सोयीचा. पोट बिघडले की टँकरचे पाणी. वाळलो तर सारा गावच वाळलेला. रक्ताला मूळव्याध होतीच. शिवाय बाईमाणसाला हे सांगायचे कसे?

एके सकाळी मी गाईंचे शेण निरखत होतो. शेणावरून जनावराचे दुखणे ओळखण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. ताई जवळ आल्या आणि त्यांनी सरळ माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत पांढरेफटक.

"सचिव, गाईचं शेण रोज बघता. सोताचं कवा बघितलं?"

"मूळव्याध हाय, ताई."

"कोण म्हणलं? तुमीच ना? मूळव्याध असली तर लई बरं. पर दुर्बिणीनं बघितल्याबिगर मी मानणार न्हाई."

छावणी सोडून येत नाही म्हणालो. त्यांनी रजा टाकली, गेवराईच्या स्टँडवर मला एसटीत बसवले आणि शेजारी स्वतः बसल्या. दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्यात गाठ निघाली. अहवाल येईपर्यंत माझी बायको धास्तावलेली होती. ताई रोज येऊन बसत, पण खोटा धीर देत नसत. गाठ कर्करोगाचीच होती. ऑपरेशन झाले आणि मी वाचलो.

पुढे सोसायटीच्या वार्षिक सभेत त्यांनी मला हे सगळे उभे राहून सांगायला लावले. लाजेने मेलो. पण त्यानंतर दोघे-तिघे गुपचूप उपकेंद्रात जाऊन आले.

आता ताईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. शतायुषी व्हा, असे लिहून मी मोकळा झालो असतो. पण गेल्या महिन्यात त्यांच्या साठीसाठी नेमलेल्या गौरव समितीच्या बैठकीतून त्या तीनदा उठून गेल्या. हातातल्या बांगड्या पार कोपराकडे सरकत होत्या. विचारले तर म्हणाल्या, "वय झालं, दुसरं काय."

ताई, हा लेख छापायला देण्याआधी तुम्हालाच वाचून दाखवतो आहे. तुम्हाला उदंड आयुष्य लाभावे, हा आमचा हट्ट आहे. सोमवारी सकाळी गेवराईच्या स्टँडवर या. या वेळी शेजारी मी बसेन.